कॉपी चालू हाय, बसा

आमच्या शुक्रवार पेठेतले गड्डमअण्णा कुणाचाही पेनड्राइव्ह थेट हातात घेत नाहीत. आधी पितळेची ताटली पुढं करतात. आपण तो त्यात ठेवायचा. मग खांद्यावरच्या टॉवेलच्या टोकानं ते त्याचं तोंड पुसतात, एक फुंकर मारतात आणि तान्ह्या बाळाला पाळण्यात निजवावं तसा कॉम्प्युटरला जोडतात.

"सर, हात मागं. आन् बसा."

सर म्हणजे मी, शाळामास्तर. सगळ्या प्रश्नपत्रिका असलेला पेनड्राइव्ह शर्टासकट धुवायला टाकून बसलो, तेव्हापासून रविवारी अण्णांकडे बॅकअप घ्यायला जातो.

अण्णा चादरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी काढायचे. एकदा मुकादमानं घाई केली, नक्षीची कॉपी अर्धी असतानाच पेनड्राइव्ह उपटला आणि मागावरून बिनमुंडक्याच्या मोरांच्या चादरी उतरल्या. "मोर हाय, पिसारा हाय, डोकं न्हाय! कोन पांघरनार, सांगा की?" त्या धसक्यानं अण्णा स्क्रिप्ट लिहायला शिकले. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या चार साध्या सूचना: पेनड्राइव्हवरचं नवं तेवढं उचल, इथं ठेव, झालं की सांग. अण्णांची स्क्रिप्ट बोलते मात्र त्यांच्यासारखीच. काळ्या पडद्यावर उमटतं, 'कॉपी चालू हाय. बसा.' थोड्या वेळानं, 'अजून हाय. उठू नका.'

निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्ख्या पेठेचा बॅकअप अंगावर घेतला. भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं, बारशाचे फोटो, शेजारच्या रुक्सानाभाभींची मेंदीची डिझाइनं. रस्त्यात भेटले तरी एकच प्रश्न, "दुसरी प्रत हाय का?" एका लग्नात तर त्यांनी आहेर हातात ठेवता ठेवता नवरदेवालाच "दुसरी हाय का?" म्हणून विचारलं. ते व्हिडिओबद्दल बोलत होते. नवरीकडच्यांना हे समजावता समजावता माझी पंगत हुकली.

अण्णांच्या कामात खोट एकच, ते भयंकर हळू चालायचं. एवढ्याशा पेनड्राइव्हला पाऊण तास! तोवर अण्णा उप्पीट खिलवणार, गुडघ्यांची तक्रार सांगणार, नातवंडं सांभाळायला हैदराबादला गेलेली बायको फोनवर काय म्हणाली ते सांगणार. लोक कंटाळले. रुक्सानाभाभी म्हणाल्या, "अण्णा का दिल अच्छा है सर, पन मशीन बैलगाडी है!" एकेक करून बाकीचे सगळे यायचे बंद झाले. रविवारी अण्णा नुसतेच दारात उभे दिसायचे. मला फार वाईट वाटायचं. असंच चाललं तर हा माणूस अगदी एकटा पडणार, हे दिसत होतं.

अण्णांच्या मुलानं त्यांना नवा कॉम्प्युटर पाठवला. म्हटलं, आता सुटलो. पण पाऊण तास तो पाऊण तासच! शेवटी एका रविवारी अण्णा स्वयंपाकघरात गेल्यावर मी ती स्क्रिप्ट उघडली. कॉपीची एक ओळ, तिच्याखाली दुसरी ओळ: थांब. पुन्हा कॉपी, पुन्हा थांब. कॉम्प्युटरनं काहीएक न करता नुसतं बसून राहायचं, असा हुकूम. मला हसू फुटणार तोच अण्णा बशा घेऊन दारात.

"अण्णा, ह्या ओळी कशाला?"

त्यांनी बशा खाली ठेवल्या. "कॉपी मिनिटात व्हते सर. मग तुमी बसनार कशाला?"

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मी म्हटलं, "अण्णा, ह्यानंच लोक यायचे थांबलेत. काढून टाका, येतील परत."

"येतील. आन् लगेच जातील की."

तरी ते खुर्चीवर बसले. चष्मा लावला आणि 'थांब'च्या सगळ्या ओळी स्वतःच्या हातानं पुसल्या. स्क्रिप्ट चालवली. मी घास घेईपर्यंत काम संपलं होतं. अण्णांनी पेनड्राइव्ह काढून मला दिला आणि दारातल्या माझ्या चपलांकडे पाहत ते उभे राहिले.

मी तो खिशात टाकला आणि खाली सतरंजीवर मांडी घातली.

"अण्णा, आमची पोरगी यंदा दहावी झाली. पुढं तिला कशाला घालावं, काही कळत नाही बघा."

अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग गुडघे सांभाळत ते माझ्यासमोर हळूच खाली बसले.

"ह्ये असं घाईनं सांगता येत न्हाय सर," ते म्हणाले. "सावकाश बोलू."