चहावाल्या क्वाइची गद्दारी

निष्ठा हा समाजाचा पाया आहे. पाया असल्यामुळे ती जमिनीखाली असते, वर कुणाला दिसत नाही. आहे असं धरून चालायचं असतं. आमच्या याउ मा तेइ या वस्तीत तर देवही निष्ठेचाच. लाल तोंडाचा, लांब दाढीचा क्वान देव. पोलीस चौकीतही हाच आणि टोळीच्या अड्ड्यावरही हाच. धाड पडायची असली की दोन्हीकडे एकाच वेळी उदबत्ती लागते. त्याने कुणाचं ऐकावं हा त्याचा खात्यांतर्गत प्रश्न आहे.

त्या काळी हाँगकाँगात गुंडांच्या निष्ठेवर सिनेमे काढायची लाट होती. आमच्या सिनेमाचं नाव ‘एका वाडग्याचे भाऊ’. दोन गुंड, लहानपणी एकाच वाडग्यातून भात खाल्लेले. पुढे थोरला धाकट्यासाठी मरतो. (घरात दुसरा वाडगा असता तर पुढचा सगळा रक्तपात टळला असता, पण मग सिनेमाही टळला असता.) रक्तविभाग माझ्याकडे होता. साखरेच्या पाकात लाल रंग कालवायचा आणि मुंग्या लागायच्या आत मरणाऱ्याच्या अंगाला फासायचा, असं त्या विभागाचं कामकाज.

शूटिंग देवळामागच्या गल्लीत होतं आणि गल्ली तिसऱ्या काकांच्या टोळीची होती. त्यामुळे सिनेमातले गुंड म्हणून त्यांचीच माणसं घेणं क्रमप्राप्त झालं. सोयीचंच होतं. चेहऱ्यावरचे व्रण त्यांचे स्वतःचे होते, मला रंगवावे लागले नाहीत. तिसरे काका हे अत्यंत सज्जन गृहस्थ. आधीचे म्होरके, म्हणजे दुसरे काका, कोणत्या हॉटेलात कोणत्या टेबलाशी जेवतात हे पोलिसांना अचूक कळलं, आणि दुसऱ्या दिवशी तिसरे काका म्होरके झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध असल्याचं गल्लीत सर्वांना माहीत होतं, म्हणूनच कुणी तो लावत नसे.

अडचण आली ती गद्दाराच्या भूमिकेपाशी. थोरल्या भावाचा विश्वासू माणूस त्याला चहा ओतून देतो आणि तो कप ओठाला लावतो तोच पाठीत गोळी घालतो, असा प्रसंग होता. ठरलेला नट सकाळी आला, आजूबाजूच्या गुंडांकडे पाहून ‘जरा आलोच’ म्हणाला आणि गेला. नंतर तो कॅनडात आहे असं कळलं.

दिग्दर्शक लो साहेबांनी टोळीतच विचारलं, “कोण करतं?”

सगळे जमिनीकडे पाहू लागले.

काकांचा उजवा हात होता, त्याला सगळे फावडा म्हणत. त्याने आजवर इतक्या टोळ्या बदलल्या होत्या की शपथ घेताना कुठल्या टोळीची घेतोय हे शेजाऱ्याला विचारावं लागे. लो साहेब त्याला म्हणाले, “फावड्या, तू कर. तोंड शोभतंय.”

“मी? गद्दार?” फावडा म्हणाला. “साहेब, माझी आई सिनेमा बघायला येणार आहे.”

“मग काका, तुम्ही?”

तिसऱ्या काकांनी हात जोडले. “लो साहेब, खून म्हणाल तर करतो. पण मोठ्या भावाच्या पाठीत गोळी? खोटी खोटीसुद्धा माझ्या हातून सुटायची नाही. रक्तातच नाही आमच्या.”

नेमका त्याच वेळी क्वाइ चहाचे कप घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी त्याची आणि त्याच्या बायकोची, मुइची, चहाची गाडी होती. कापडी गाळणीतून क्वाइ चहा असा काढी की वरच्या बिऱ्हाडातली माणसं वासाने खिडक्या उघडत. आयुष्यात त्याने कुणाला शिळा पाव दिला नव्हता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं.

“हा करेल.”

“काका, माझं दूध उतू जाईल हो,” क्वाइ म्हणाला.

“दूध आमची पोरं बघतील. चहाच ओतायचाय तुला. रोज ओततोस तसा.”

चहा त्याने उत्तम ओतला. पिस्तूल मात्र किटलीसारखं धरलं, खाली दुसऱ्या हाताचा आधार देऊन. शिवाय थोरल्या भावाचं काम करणारे यिप साहेब रोज त्याच्याकडे नाश्ता करत. गिऱ्हाइकाला पाठीमागून गोळी घालायची म्हणजे क्वाइला ओशाळल्यासारखं होई. दर वेळी चाप ओढण्याआधी तो हळूच म्हणे, “माफ करा हं.” लो साहेबांनी बरंच ओरडून पाहिलं, शेवटी तसंच ठेवलं.

सिनेमा लागला आणि तुफान चालला. एका वर्तमानपत्राने लिहिलं, ‘मोठ्या भावाची माफी मागून मग गोळी घालणारा इतका थंड, इतका नीच माणूस पडद्यावर पूर्वी दिसला नव्हता.’ टोळी पहिल्या रांगेत बसली होती. थोरला भाऊ पडला तेव्हा फावडा इतका रडला की मागच्यांना संवाद ऐकू येईनात.

दुसऱ्या दिवशी क्वाइच्या गाडीवर कुणी आलं नाही. मासळीवालीने त्याला मासा द्यायला नकार दिला. “यालाही पाठीतून कापशील,” म्हणाली. न्हाव्याने अर्धी दाढी करून वस्तरा खाली ठेवला. कोपऱ्यावरचा हवालदार, ज्याला कायद्याचं शिक्षण मिळालेलं होतं, त्याने जवळ येऊन खालच्या आवाजात विचारलं, “का केलंस रे असं?” माझ्या पाहणीनुसार गल्लीतल्या शंभरांपैकी शंभर जणांना तो सिनेमा आहे हे माहीत होतं. तक्रार त्याबद्दल नव्हतीच.

मुइ दुपारचा खेळ पाहून आली आणि क्वाइकडे न बघता कप विसळू लागली.

“तू तरी बोल,” क्वाइ म्हणाला.

“बोलायचं काय? घरात झुरळ निघालं तर मलाच मारावं लागतं, हे मला माहीत आहे.” तिने एक कप पालथा ठेवला. “पण मागून कशाला मारलंत? पुढून मारायचं होतं.”

आठवड्याच्या आत तिसऱ्या काकांनी त्याला अड्ड्यावर बोलावलं. क्वान देवासमोर रीतसर सुनावणी झाली. साक्षीला क्वाइने मला नेलं. मी सांगितलं की सदर रक्त साखरेच्या पाकाचं होतं आणि उरलेलं माझ्या बशीत अजून आहे.

“रक्त खोटं असेल,” काका म्हणाले, “पण गद्दारी तर आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली ना?”

मग क्वाइने खुद्द मयताला, म्हणजे यिप साहेबांना बोलावलं. ते जिवंत, हसतमुख आत आले आणि म्हणाले, “अहो, माझी याच्याविरुद्ध काही तक्रार नाही. बिचाऱ्याला सोडा.”

फावड्याने डोळे पुसले. “बघा,” तो म्हणाला, “ज्याने मारलं त्यालाही माफ केलं. याला म्हणतात मोठा भाऊ. आणि असल्या माणसाच्या पाठीत याने...” मयताच्या जबानीवरून गुन्हा शाबीत झाला. क्वाइने गल्ली सोडावी असा ठराव एकमताने संमत झाला.

ज्या दुपारी क्वाइ गाडीचा सांगाडा सुटा करत होता, त्याच दुपारी पोलीस समोरच्या हॉटेलात आले आणि तिसऱ्या काकांना जेवणाच्या ताटावरून उचलून घेऊन गेले. हॉटेल बरोबर, टेबल बरोबर. संध्याकाळपर्यंत फावडा म्होरका झाला. पोलिसांच्या गाडीत चढताना काकांनी फावड्याला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मला आधीच कळायला हवं होतं. त्या चहावाल्याला जिवंत सोडला, तिथे चुकलो.” फावडा म्हणाला, “काका, तुम्ही मन फार मोठं ठेवलंत.”

क्वाइ पाच हातांवर उभा होता, हातात किटली. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, “लाम, खरं सांग. मी तसा दिसतो का रे?”

मी म्हणालो, “उजेडावर असतं.” विभागाचा माणूस म्हणून यापेक्षा जास्त सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याने मान हलवली, मुइच्या हातातलं ओझं स्वतःकडे घेतलं आणि ती दोघं बंदराकडे चालू लागली.

हल्ली पलीकडच्या किनाऱ्यावर, चाय वानला एका इमारतीखाली त्यांची गाडी आहे. चहा तोच, गाळणी तीच, पाव ताजा. तुम्ही शहाणी माणसं आहात, गल्लीतल्यांसारखी नाही. क्वाइ निर्दोष आहे हे मी तुम्हाला अथपासून इतिपर्यंत पुराव्यानिशी सांगितलं आहे आणि तुम्हाला ते पटलंही आहे. तेव्हा कधी गेलात तर जरूर बसा त्याच्याकडे. तो मागून येऊन कप ठेवतो, सवय आहे त्याची. फक्त बसताना तुम्ही पाठ भिंतीला लागेल अशीच जागा निवडाल, यावर मी पैज लावायला तयार आहे. आणि तुम्ही तर सिनेमाही पाहिलेला नाही.