ठमाबाईंचे सुखदेवभाऊ

सुखदेवभाऊ पिंजऱ्यात शिरण्याआधी कडी वाजवतात. आत फक्त एक पाणमांजर आहे आणि ते काही दार उघडायला येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी ते थांबतात. "ठमाबाई, मी सुखदेव. डाक्टरसाहेब बी आले हायेत," असं सांगतात. ठमाबाईंनी पाण्यातून डोकं वर काढलं, तर आत जायचं. नाही काढलं, तर मागे वळून मला म्हणतात, "बसा जरा. आज त्याईचं मन नाही."

मी बसतो. मी गुरांचा सरकारी डॉक्टर. मोताळ्याच्या दवाखान्यात म्हशी खोळंबलेल्या असतात, धामणगाव बढ्याहून कोणाची तरी गाय अडल्याचा फोन वाजत असतो, आणि मी पालथ्या बादलीवर बसून एका पाणमांजराची मर्जी सांभाळत असतो. वीस वर्षं नोकरी करून माणूस कुठे पोचतो, ते असं.

जखमी जनावरांचं हे छोटं केंद्र जंगलाच्या कडेला आहे. आमच्या जिल्ह्यात आलेले पाहुणे लोणारचं सरोवर बघून परत जातात, इकडे कोणी फिरकत नाही. पूर्णेत मासे धरायच्या जाळ्यात ही दोन पिल्लं सापडली होती. बाटलीच्या दुधावर वाढली, माणसाळली, म्हणून परत नदीत सोडता आली नाहीत. मादी ठमा, नर बापू. नावं सुखदेवभाऊंनीच ठेवली, कारण सांभाळणारे तेच.

गेल्या वर्षी बापूच्या पायाला जखम झाली. जाळं टाकून त्याला धरलं, आणि टाके घालायच्या आधीच भीतीने त्याचं काळीज थांबलं. अहवाल मी लिहिला, चार ओळींचा. त्यानंतर बाहेरून एक बाई येऊन दोन दिवस शिकवून गेल्या. जनावराला धरायचं नाही. त्याने आपण होऊन अंग पुढे केलं की ठरलेला एक शब्द उच्चारायचा आणि मासा द्यायचा. निघून गेलं तर जाऊ द्यायचं.

सुखदेवभाऊंनी शब्द निवडला 'हाव', म्हणजे आपलं 'हो'. आता वऱ्हाडात 'हाव' म्हटल्याशिवाय कोणाचं वाक्य पुरं होतं? मोठे साहेब पाहणीला आले आणि पिंजऱ्याच्या जाळीपाशी उभे राहून फोनवर "हाव, हाव, हाव" करत बसले. ठमा तीनदा मासा मागायला आली आणि चौथ्यांदा तिने साहेबांची पॅंट भिजवली. तेव्हापासून शब्द गेला, जिभेने 'टक' करायचं ठरलं. पण मधले दोन महिने पाण्यात गेले.

मग वजनकाट्यावर उभं राहणं, तोंड उघडणं, मांडी जाळीला टेकवणं. सोबत माझंही शिक्षण चालू होतं. "सुई लपवू नका, दाखवा त्याईले. पाय हलवू नका." मी अर्धा तास गुमान बसलो की भाऊ माझ्या हातावर चार भाजलेले शेंगदाणे ठेवायचे. एकदा मी सारखा घड्याळ बघत होतो, तर दाणे मिळाले नाहीत. मला वाईट वाटलं, आणि मग लक्षात आलं की या माणसाने मलाही काट्यावर चढवलंय.

गेल्या महिन्यात ठमाच्या दाताच्या मुळाशी पू झाला. जबडा सुजला, खाणं सुटलं. रोज एक याप्रमाणे सात इंजेक्शनं द्यायची होती. जी खातच नाही, तिला मासा दाखवून काय उपयोग? दोन दिवस ती कोपऱ्यातून हलली नाही. मी थकलो होतो. म्हटलं, "भाऊ, उद्यापर्यंत बघू. नाहीतर जाळं."

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर भाऊंच्या उपरण्यात पूर्णेतून आणलेले गोटे होते, गुळगुळीत, बोराएवढे. मासा नको तर नको, खेळायला गोटा तरी आवडेल, असा त्यांचा हिशेब. जाळीखालून एक गोटा आत गेला. ठमाने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग आली, दोन हातांत तो फिरवला, आणि दुसऱ्या गोट्यासाठी कण्हत मांडी जाळीला टेकवली.

मी सुई दाखवली. टोचली. ती हलली नाही. टक. गोटा.

मी सामान आवरलं, पण सुखदेवभाऊ जाळीपाशीच बसून होते. रडत होते.

"झालं ना भाऊ. आता काऊन रडता?"

"बापू पळाला नव्हता, साहेब," ते म्हणाले. "सगळे जन जाळं घेऊन आत शिरले, तं तो सरळ माह्याकडं आला. मी मासा आनला असंल, असं वाटलं त्याले. जाळं माह्या हातात होतं. मी टाकलं."

माझ्या अहवालात हे नव्हतं. जाळं टाका, असं ओरडून सांगणारा मी होतो, तेही नव्हतं. वर्षभर मी ते कोणापाशी बोललो नव्हतो. आता भाऊंपाशी बोललो.

"तुमी सांगतलं होतं, हाव," सुखदेवभाऊ म्हणाले. "पन तुमाले तो वळखत नव्हता, साहेब. मले वळखत होता."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो.