मावशी येताना वाजणारी चाल

बुधवारी सकाळपासून संगीतकार घरभर येरझाऱ्या घालत होता. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते कामाची खोली, तिथून पुन्हा स्वयंपाकघर. गळ्यात हेडफोन, हातात गार झालेला चहा.

"बसा हो जरा," बायको म्हणाली. ती दातांची डॉक्टर. "तुम्हाला बघून माझ्याच हिरड्या दुखायला लागल्या."

"बसलं की काही सुचत नाही."

"आणि चालून काय सुचलं?"

"काही नाही. पण चालताना ते एवढं टोचत नाही."

टोचण्यासारखंच होतं. 'सात कुलपं' या व्हिडिओ गेमचा आठवा भाग येऊ घातला होता. कुलपं सात आणि भाग आठवा कसा, हे कंपनीत कुणी विचारलं नव्हतं. अठरा वर्षांत आलेल्या सातही भागांचं संगीत त्याचंच. प्रत्येक भागाच्या शेवटी कुलूपवाला नावाचा महादुष्ट येतो, मरतो आणि पुढच्या भागात अंग झटकून पुन्हा हजर होतो. त्याच्या येण्याची पाच सुरांची चाल संगीतकाराने पहिल्या भागाच्या वेळी एका स्वस्त कीबोर्डवर अर्ध्या तासात बसवली होती. आता तीच गळ्यातलं लोढणं झाली होती. ते पाच सूर काढले तर जुने खेळणारे घर शोधत येतील. तसेच ठेवले तर म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं आटलं. म्हणजे चाल जुनीच हवी, पण नवी वाटायला हवी. जुन्याच नवऱ्याशी नव्याने लग्न लावण्यातला प्रकार.

खेळ बनवणाऱ्या कंपनीतल्या मॅडम वयाने निम्म्या. शाळेत असताना हाच खेळ खेळून मोठ्या झालेल्या. त्यांनी चाल तीनदा परत पाठवली होती आणि तिन्ही वेळा एकच शेरा. "सर, आवाज मोठा झालाय. भीती नाही झालेली." पहिल्या वेळी त्याने वीस व्हायोलिनं वाढवली. दुसऱ्या वेळी चाळीस जणांचा कोरस घातला. तिसऱ्या वेळी इतके नगारे घातले की शेजारी विचारायला आला, भिंत कोण पाडतंय.

"शनिवारी चारला मी घरीच येते ऐकायला," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या होत्या. "नाही जमलं तर कुलूपवाल्यासाठी दुसरं कुणी बघू. तुम्ही बाकीचं करा. गावं, बाजार, नदी वगैरे."

तो 'वगैरे' माशाच्या काट्यासारखा त्याच्या घशात अडकला होता.

दुपारी मेहुणा जेवायला आला. बायकोचा धाकटा भाऊ. दुकानांमध्ये चोर आला की वाजणारे भोंगे बसवणं हा त्याचा धंदा आणि रोज दुपारी बहिणीकडे जेवणं हा जोडधंदा. त्याने भाताचा डोंगर फोडत विचारलं, "दाजी, पण खेळात चाल वाजते कशी? कुणी बटण दाबतं?"

"तीच तर गंमत आहे. ते गाण्यासारखं सुरू झालं, संपलं असं नसतं. थर असतात. कुलूपवाला लांब असला तर नुसता खर्जातला एक सूर. जवळ आला की नगारे. समोर आला की सगळंच. खेळणारा कुठे जाईल, त्यावर ठरतं."

"मग इथे खुर्चीत बसून तुम्हाला कसं कळणार भीती वाटते का ते? हे म्हणजे आरशासमोर कुस्ती खेळण्यासारखं झालं."

संगीतकाराचा घास हातातच राहिला. मेहुण्याच्या तोंडून अक्कल निघण्याची घरात कुणालाच सवय नव्हती.

संध्याकाळपर्यंत मेहुण्याने सगळ्या दारांच्या चौकटींना काड्यापेटीएवढ्या डब्या ठोकल्या. दुकानात मालाला लावतात तशा बटणाएवढ्या चकत्या आणल्या. चकती कुठल्या खोलीत आहे हे डब्यांना कळायचं, डब्या संगीतकाराच्या कॉम्प्युटरला कळवायच्या आणि तो घरभर लावलेल्या स्पीकरमधून चाल वाजवायचा. एक चकती संगीतकाराच्या खिशात गेली, तो नायक. बायकोला खेळातल्या व्यापाऱ्याची चाल मिळाली.

"ही अशी लंगडत का येते?" तिने विचारलं.

"व्यापारी लंगडाच आहे."

"माझ्यासाठी सरळ चालणारा एक धंदा नाही सापडला?"

"ते जाऊ द्या," मेहुणा म्हणाला. "कुलूपवाला कोण?"

तिघांनीही बैठकीच्या खोलीकडे पाहिलं. तिथे मावशी शब्दकोडं सोडवत होती.

मावशी बायकोची. उभी हयात तिने गाडी चालवण्याच्या परवान्याच्या परीक्षा घेण्यात घालवली होती आणि तिच्या हाताखालून पहिल्या फेरीत पास झालेला माणूस अजून कुणी पाहिलेला नव्हता. घरात तिला पाठीमागे 'नापास मावशी' म्हणत. तिच्या घराची फरशी बदलत होते, म्हणून ती राहायला आली होती. रबरी सपाता घालून ती मांजरीसारखी फिरायची. माणूस जरा आडवा झाला, फोनवर जरा चुगली रंगली, फ्रिज उघडून जरा कुणी उभ्याने खाल्लं, की मागून आवाज यायचा, "चालू द्या, चालू द्या."

मेहुण्याने तिसरी चकती तिच्या चष्म्याच्या घराच्या अस्तरात सरकवली. चष्म्याचं घर ती झोपेतही सोडत नसे.

गुरुवारी सकाळी संगीतकार कामाच्या खोलीत सतरंजीवर चांगला पसरला होता. स्पीकरमधून खर्जातला एक सूर आला. तो उठून बसला. नगारे सुरू झाले. तो खुर्चीत. कोरस लागला, दारात मावशी आणि संगीतकार कीबोर्डवर इतका वाकलेला की नाक पट्ट्यांना टेकलेलं.

"काम चाललंय वाटतं," मावशी जरा नाराजीनेच म्हणाली.

"हो ना, सकाळपासून."

घराला सोन्याचे दिवस आले. खर्ज लागला की बायकोचा फोन मैत्रिणीवरून औषधांवर यायचा. नगारे लागले की मेहुणा सोफ्यावरून उठून पंख्याची वायर तपासायला लागायचा. दोन दिवसांत मावशीला एकही माणूस रंगेहाथ सापडला नाही. ती सुकून गेली. जेवण कमी झालं. एकदा तर तिने उगाचच विचारलं, "कुणी काही सांडलं-बिंडलं नाही ना?"

पण संगीतकार चरफडत होता.

"घाबरतंय कोण? कुणीच नाही," तो बायकोला म्हणाला. "तुम्ही सगळे खूश होताय ही चाल ऐकून. कुलूपवाला येतोय की शाळेची घंटा वाजतेय?"

"कळतं ना आधी. कळलं की भीती कसली? मी पेशंटला सांगूनच सुई टोचते."

तो पुन्हा चालायला लागला. स्वयंपाकघर, गॅलरी, खोली. तोंडाने पुटपुटत, 'गावं, बाजार, नदी वगैरे.'

शुक्रवारी मावशीने तपास हाती घेतला. ती बैठकीच्या खोलीतून तीनदा बाहेर गेली, तीनदा आत आली. एकदा सपाता घालून, एकदा अनवाणी, एकदा पाठमोरी. मग चष्मा घातला, चष्म्याचं घर टीपॉयवर ठेवलं आणि चौथ्यांदा बाहेर जाऊन आली. नगारे टीपॉयपाशीच वाजत राहिले. हे सगळं संगीतकार दाराच्या फटीतून बघत होता.

"जावईबापू, हे माझ्यासाठी वाजतंय का हो?"

"छे छे. योगायोग."

"बरं," मावशी म्हणाली.

तिचं 'बरं' ऐकून म्हणे मोठमोठे ट्रकवाले गाडीतून उतरून स्वतःहून घरी जात. संगीतकाराला ते माहीत नव्हतं.

शनिवारी तीन वाजता बायको दवाखान्यातून आली, मावशी "जरा खाली जाऊन येते" म्हणून बाहेर पडली आणि संगीतकाराने मॅडमसाठी शेवटची तयारी करायला घेतली. हेडफोन गळ्यात अडकवला, बंद कॉम्प्युटर सुरू केला आणि पाठीमागे खर्ज, नगारे, व्हायोलिनं, कोरस एकदमच सुरू झालं.

तो दचकून वळला. दारात कुणी नव्हतं.

"मावशी?"

सगळं वाजतंय, म्हणजे मावशी याच खोलीत. तो बाहेर सटकला. बाहेरही तेच. स्वयंपाकघरात गेला. तिथेही पूर्ण दणका. आता हे लांबून जवळ येणं वगैरे काही नाही. जाईल तिथे मावशी आधीच उभी आणि दिसत मात्र नाही. त्याने मेहुण्याला फोन लावला.

"तुझं यंत्र बिघडलंय. मावशी घरात नाही आणि चाल थांबत नाही."

"यंत्र खोटं बोलत नाही दाजी. चकती कुठे दिसतेय?"

"मी आहे त्याच खोलीत."

"मग ती तिथेच आहे."

"अरे, मी बाथरूममध्ये आहे."

"दाजी," मेहुणा हळू आवाजात म्हणाला, "पडदा सरकवून बघितलात?"

त्याने बघितला. बादली होती. तो बादलीकडेही नीट बघू शकला नाही. गॅलरीत गेला, कपड्यांच्या रांगेत एकेक साडी उचलून पाहिली. झोपायच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा अचानक उघडलं. भिंतीला पाठ लावून तो आडवा आडवा सरकायला लागला, कारण पाठ उघडी ठेवण्याची हिंमत राहिली नव्हती. तेच पाच सूर, त्यानेच बसवलेले, अठरा वर्षं ऐकलेले आणि त्याला वाटत होतं की मानेवर कुणाचा तरी श्वास लागतोय.

"काय चाललंय हे?" बायकोने विचारलं.

"तुला दिसतेय का ती?"

"कोण?"

"तुला दिसत नाहीये. म्हणजे ती खाली आहे," तो म्हणाला आणि पलंगाखाली शिरला.

बरोबर त्याच वेळी बेल वाजली. मॅडम अर्धा तास आधीच आल्या होत्या. बायकोने त्यांना आत घेतलं आणि दुसरं काही न सुचल्यामुळे थेट नवऱ्याकडे नेलं. मॅडमना पलंगाखालून बाहेर आलेले दोन तळपाय दिसले.

"सर?"

तळपाय झटक्यात आत गेले.

बऱ्याच विनवण्यांनी तो बाहेर आला. केसांना कोळिष्टकं, कपाळावर घाम.

"आत कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग हे वाजतंय कुणासाठी?"

त्याने खांदे उडवले आणि त्यांच्या मागे नजर टाकली. त्याबरोबर मॅडमनीही मागे वळून पाहिलं. मग बायकोनेही. तिथे कपाट होतं, नेहमीचंच. पण तिघंही नकळत त्याच्यापासून दोन पावलं लांब सरकली. मॅडम बैठकीच्या खोलीत आल्या, खुर्ची ओढून अगदी भिंतीला चिकटवली आणि मगच बसल्या. चाल तिथेही मागोमाग आली.

"हेच," त्या हळूच म्हणाल्या. "आपण अठरा वर्षं कुलूपवाला दाखवून मग घाबरा म्हणत होतो. आता दाखवायचाच नाही. दहा मिनिटं नुसतं हे मागे लागू दे. तुम्ही हे ठरवून केलंत?"

संगीतकाराने कोळिष्टक झटकलं. "प्रयोग चालू होते," तो म्हणाला. "थोडा वेगळा विचार..."

"मान खाली करा जावईबापू."

मावशी दारात उभी होती. कधीपासून, ते कुणालाच माहीत नव्हतं. तिने येऊन त्याच्या गळ्यातल्या हेडफोनची डावी गादी दोन बोटांनी उचकटली, आतून ती चष्म्याच्या घरातली चकती काढली आणि जिन्यात नेऊन ठेवली. घर एकदम शांत झालं.

संगीतकाराचा चेहरा पडला. मॅडमनी मात्र खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली.

"हे तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचायचंय काय त्यात?" मावशी म्हणाली. "परीक्षेला मी पुढच्या सीटवर बसायचेच नाही. पुढे बसलं की माणूस एकदा बघून घेतो आणि धीट होतो. मागे बसलं की बिचारा आरशात शोधत राहतो. ह्यांची चाल तशी बरी आहे. फक्त मला उगाच पुढे बसवलं होतं."

मॅडमनी चहा पिताना मावशीला आणखी बरंच विचारलं. बाजाराची चाल पन्नासदा ऐकून माणूस का कंटाळतो, कुठे गप्प बसायचं, कुठे जुन्याची आठवण करून द्यायची. मावशीची उत्तरं ट्रक, गतिरोधक आणि ब्रेक यांतूनच येत होती, पण मॅडम ती वहीत लिहून घेत होत्या. निघताना त्या दारात थांबल्या.

"सर, कुलूपवाला तुमच्याकडेच. नववा भागही तुमच्याकडेच. फक्त आता प्रत्येक चाल माझ्याकडे यायच्या आधी ह्यांच्याकडून पास होऊन येऊ दे. कंपनीतर्फे रीतसर. चालेल ना?"

संगीतकाराने बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"चालेल वगैरे," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी दहा वाजता तो कीबोर्डसमोर बसला, सरळ पाठीने, येरझाऱ्या न घालता. खुर्चीच्या मागे दुसरी खुर्ची आली होती. त्याने नदीकाठच्या गावाची नवी चाल सुरू केली. चार मिनिटं मागून हूं नाही की चूं नाही. वळून बघितलं तर मार्क जातील अशी त्याची खात्री होती, म्हणून तो बंद स्क्रीनच्या काळ्या काचेत शोधत राहिला. तिथे नुसती खिडकी दिसत होती.

चाल संपली. मागे कागदावर पेन टेकल्याचा आवाज आला. बरोबरची खूण एका झटक्यात होते, फुलीला दोन लागतात, एवढं त्यालाही माहीत होतं. कागदावर एक रेघ ओढल्याचं त्याने स्पष्ट ऐकलं.

तो श्वास रोखून दुसरीची वाट बघत बसला.