आग्नेलबाबांची गिटार दोनदा अस्सल जाहली त्याची हकिकत

॥ श्री ॥ तारेस व विजेस, दोहींस नमन करोन, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी एका राज्यात जे वर्तले ते यथामती लिहितो.

त्या राज्यात आग्नेलबाब नोरोन्हा म्हणोन विजेच्या गिटारीचे थोर वादक होते. त्यांची गिटार पुरातन, फिकी पिवळी, परमुलखीच्या नामांकित कारखान्यात घडलेली. परंतु तिची मान जाड, म्हणोन बाबांनी ती आपल्या आखूड बोटांजोगी तासली, आणि पिकअप, म्हणजे तारांचा नाद टिपणारी चुंबके, दिव्यांखाली गुरगुरत, म्हणोन पटाशीने लाकूड कोरोन दुसरी बसविली, आणि पत्नी मार्थाबाईंनी घरच्या दाराचा उरला रंग देवोन तीस हिरवी केली. मग बहुत वर्षे ती हिरवी गिटार लग्नांत, चर्चच्या फेस्तांत वाजली आणि खुद्द महाराज बालपणी ती ऐकोन रडले होते.

पुढे मार्थाबाई निवर्तल्या आणि महाराज गादीवर आले आणि त्यांनी दुर्मिळ वस्तूंच्या आपल्या रत्नशाळेसाठी गिटार मागितली. बाबांस नाही म्हणवेना. मग परीक्षक त्रिंबकपंत आठल्ये यांणी भिंग लावोन पाहिले आणि वदले, "महाराज, मान तासलेली, पोट कोरलेले, रंग दाराचा. मोल चौथाईसुद्धा उरले नाही. ही मूळची गिटारच नव्हे."

"मग मूळची करा," महाराज म्हणाले.

मग पंतांनी हिरवा रंग खरवडला आणि कोरलेले बुजविले आणि त्याच सालच्या दुसऱ्या मोडक्या गिटारीची मान व चुंबके आणोन जोडिली आणि पिवळा रंग देवोन अस्सलपणाचा दाखला दिला. दरबार भरला, बाब वाजवावयास बसले, तो बोटे पोचेनात आणि गिटार गुरगुरू लागली.

महाराज बोलिले, "बाब, तो पूर्वीचा नाद काढा."

"कसा काढू, महाराज? ही गिटार मी कधी वाजवली नाही."

पंत म्हणाले, "हीच ती. दाखला आहे."

"असेल. आमची हिरवी होती."

महाराज ओशाळले आणि सर्व पूर्ववत करण्याचा हुकूम जाहला. मग पंतांनी जोडिलेली मान तासली आणि बुजविलेले पुन्हा कोरले आणि बाजारातोन तसाच हिरवा रंग आणविला. मग भिंग लावोन पाहिले आणि आपली मान हालविली. "महाराज, मोल आणिक उतरले. हे कोरणे आग्नेलबाबांच्या हातचे नव्हे. नक्कल आहे."

"आणि अस्सल कोठे?"

"ते आम्ही टाकोन दिले."

बाब पंतांस हळूच म्हणाले, "खरवडलेला रंग तरी ठेवलात का? मार्थाने तो दोन बोटांनी लावला होता. ब्रश नव्हता घरात."

पंत म्हणाले, "झाडून टाकला."

बाब उठले आणि मुजरा करोन घरी गेले.

येणेप्रमाणे गिटार दोन वेळा अस्सल जाहली आणि पंतांस दोन्ही वेळा बिदागी पावली. ती हल्ली रत्नशाळेत काचेआड असते. बाब शेजाऱ्याच्या उसन्या गिटारीवर वाजवितात, आणि रस्त्याने जाणारे लोक थांबोन म्हणतात, आग्नेलबाबांची गिटार ती हीच.