घैसासकाका, सहा मीटरवर

घैसासकाका रोज सकाळी जिन्यात जो भेटेल त्याला "बंद आहे" असं सांगतात. कुणी विचारलेलं नसतं. पेपरवाला, कचरेवाला, दुसऱ्या मजल्यावर ट्यूशनला येणाऱ्या मुली, कुणीही चालतं. मराठी माणूस असेल तर "बंद आहे", नसेल तर "बंद है". सरकारी खिडकीमागचा माणूस सांगतो तशा आवाजात सांगायचं आणि पुढे जायचं. आमच्यासमोर नवीन राहायला आलेल्या मिसेस अरोरा पहिला आठवडाभर चार मजले पायी चढत होत्या. त्यांना वाटलं, लिफ्ट बंद आहे.

बंद असतो तो बँड. सहा मीटरचा.

हे काय प्रकरण आहे ते मी सांगते. मी गेली कित्येक वर्षं घैसासकाकांच्या डोक्यावर, म्हणजे बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहते, आणि मला ते इतक्यांदा ऐकवण्यात आलंय की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. काका हौशी रेडिओवाले आहेत. रीतसर सरकारची परीक्षा दिलेले, परवाना असलेले. घरात रेडिओचं यंत्र, गच्चीवर अँटेना, आणि हातात माईक धरून जगभरच्या असल्याच माणसांशी बोलायचं. या बोलण्यासाठी वेगवेगळ्या लहरींचे पट्टे, म्हणजेच बँड, ठरवून दिलेले असतात. काही पट्ट्यांवर चोवीस तास करोल बागेइतकी गर्दी. सहा मीटरचा पट्टा त्यातला नाही. तिथे कुणी नसतं. वर्षातले बरेचसे दिवस तिथे फक्त खरखर ऐकू येते. मग उन्हाळ्यात कधीतरी, वर आभाळात काहीतरी जुळून येतं आणि अर्ध्या तासापुरता तो पट्टा उघडतो. दिल्लीतून थेट जपान ऐकू येतो. मग परत खरखर.

"मग काका, गर्दीच्या पट्ट्यावर का नाही बोलत?" मी एकदा विचारलं होतं.

"गर्दीत काय, कोणीही बोलतं," काका म्हणाले.

काका केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले. मूळचे पुण्याचे, पण दिल्लीत इतकी वर्षं काढलीत की भाजीवाल्याशी भांडताना कुणाला संशय येत नाही. बोलणं मात्र तारेसारखं. "मुद्दा सांग" हे त्यांचं लाडकं वाक्य. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि नोएडाच्या एका आयटी कंपनीत मीटिंगा घेते, त्यामुळे मुद्द्यावर यायला मला जरा वेळ लागतो. तेवढ्यात काकांनी दार लावून घेतलेलं असतं.

आणि खोटं बोलायचं नाही. अगदी सौजन्य म्हणूनसुद्धा नाही. रेडिओवर भेटलेल्या माणसाला त्याचा आवाज कसा पोचतोय हे आकड्यात सांगायची रीत आहे. पाच-नऊ म्हणजे खणखणीत, एक-एक म्हणजे नसल्यातच जमा. बाकीचे लोक म्हणे सरसकट सगळ्यांना पाच-नऊ देऊन टाकतात. काका देत नाहीत. मराठी मंडळाच्या कोजागिरीला आमच्या एका जॉइंट सेक्रेटरींच्या पत्नी नाट्यगीत गायल्या आणि उतरताना "कसं झालं?" असं काकांनाच विचारून बसल्या. काका म्हणाले, "तीन-चार." बाईंना वाटलं, गाण्यांची फर्माईश आहे. त्या परत स्टेजवर चढल्या.

घैसासकाकू हे सगळं कसं सहन करतात, हा आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांचा आवडता विषय. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला सत्यनारायण होता. जून महिना, उकाडा मरणाचा, काका सोवळं नेसून पाटावर. गुरुजींनी तिसरा अध्याय घेतला आणि आतल्या खोलीतून यंत्र बोलायला लागलं. काका हातातल्या अक्षता ताम्हनात टाकून उठले, तसेच आत गेले. गुरुजी थांबले. आम्ही वीस-पंचवीस माणसं प्रसादाच्या वासावर बसून राहिलो. काका परत आले, पाटावर बसले, म्हणाले, "चालू द्या."

"कोण होतं?" काकूंनी दातओठ खाऊन विचारलं.

"जपानी."

"काय म्हणाला?"

"पाच-नऊ."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"पाच-सात. आवाज जरा दबका होता."

"एवढं सांगायला पूजेतून उठलात?"

"तो बोलावत होता, कुमुद," काका म्हणाले. "आणि दुसरं कुणी उत्तर देत नव्हतं."

तर असा हा निर्मनुष्य पट्टा. रोजचा म्हणावा असा तिथे एकच माणूस भेटायचा: पानिपतचे बत्रासाहेब. दूरचा पट्टा बंद असला तरी चांगली अँटेना असेल तर शे-दीडशे किलोमीटर आवाज पोचतो म्हणे. बत्रांचा कांबळी-ब्लँकेटांचा धंदा, आणि तेही काकांसारखेच परवानाधारक. दोघांची गाठ फार वर्षांपूर्वी याच पट्ट्यावर पडली. तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ झाली की काका पानिपतावर. बत्रासाहेब बोलघेवडे. धंदा, सुना, गुडघे, भेंडीचा भाव, पंजाबी विनोद, सगळं. काकांच्या बाजूने "रॉजर", "अच्छा", "बिल्कुल", एवढंच. माझ्या बाल्कनीत कपडे वाळत घालताना मला खालून सगळं ऐकू यायचं. दर हिवाळ्यात पानिपतहून एक ब्लँकेट यायचं. काकूंच्या घरात गाद्यांपेक्षा ब्लँकेटं जास्त झाली, मग त्या बिल्डिंगमध्ये वाटायला लागल्या. आमच्याकडेही दोन आहेत.

गेल्या वर्षापासून एक फरक पडला होता. आता पलीकडचा आवाज बारीक केलेला आणि काकाच बोलत असायचे. लांबलचक, सावकाश, मुद्दा सोडून. कुणाच्या घरी काय शिजलं, मेट्रोत कोण भेटलं, माझ्या मुलीला 'किसणी' म्हणजे काय ते माहीत नाही, हेसुद्धा. मी नवऱ्याला म्हटलं, "काका अगदी बत्रा झालेत." नितीन म्हणाला, "वय झालं की होतं."

मग गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचं ठरलं. पॅनेलच्या नेमकी आड काकांची अँटेना. जुन्या टीव्हीची असायची तशीच, पण चांगली खाटेएवढी. मीटिंगला सगळे तयारीने आले होते, कारण काकांना अँटेनाबद्दल विचारणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. मागे एकदा अध्यक्ष चोप्राजींनी सहज विषय काढला, तर भूकंप आला, मोबाइलचे टॉवर पडले तर हाच पट्टा कसा कामाला येईल, यावर काकांनी समोसे गार होईपर्यंत व्याख्यान दिलं होतं.

चोप्राजी जपूनच म्हणाले, "अंकलजी, बुरा मत मानना. पर इसका यूज़ क्या है?"

काका उभे राहिले. आम्ही मनाची तयारी केली.

"फ़िलहाल कुछ नहीं," काका म्हणाले.

"मतलब, कोई आता है इस बैंड पे?"

"कोई नहीं."

"तो हटा दें?"

"हटा दीजिए," म्हणाले आणि बसले. चोप्राजींना इतका धक्का बसला की त्यांनी पुढचा मुद्दा दोनदा वाचला. रविवारी अँटेना उतरवायची असं मी मिनिट्समध्ये लिहिलं. मला काही ते बरं वाटलं नाही. अहो, ज्या माणसाने लिफ्टच्या पंख्याच्या दिशेवरून सहा महिने पत्रव्यवहार केला, तो अँटेनासाठी एक वाक्य बोलत नाही?

रविवारी सकाळी इलेक्ट्रिशियन शकील यायच्या आधी मी खाली गेले. म्हटलं, म्हाताऱ्याच्या जिवाला लागेल, चार शब्द बोलावेत. काकूंनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आत काका रेडिओपुढे बसले होते. मी मागच्या खुर्चीत टेकले.

स्पीकरमधून आवाज येत होता. माणसाचाच होता, पण त्यात शब्द नव्हते. "आ... ओआ... वा..." असा काहीतरी, ओढून ओढून आणलेला, मध्येच अडकणारा. संपला, तेव्हा काकांनी माईक दाबला.

"बत्रा साब, आज बैंड बड़ा खराब है. आवाज़ ऊपर-नीचे हो रही है. ज़रा फिर से बोलिए, आराम से. कोई जल्दी नहीं. ओव्हर."

परत तो आवाज. परत तेच. यंत्रावर एक काटा असतो. समोरचा जितका जोरात पोचतो तितका तो उजवीकडे जातो, हे काकांनीच मला कधीतरी शिकवलं होतं. काटा पार उजवीकडे जाऊन टेकला होता. खरखर म्हणाल तर औषधालाही नव्हती. पट्टा अगदी स्वच्छ होता.

"हाँ, अब थोड़ा आया," काका म्हणाले. "बैंड का कुछ भरोसा नहीं, यार. एक बार और?"

असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी पलीकडून काहीतरी हसल्यासारखं आलं, काकाही हसले, आणि यंत्र बंद केलं. माझ्याकडे वळून न बघता म्हणाले, "गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला त्याला. डोकं शाबूत आहे. जीभ वळत नाही."

"मग फोन..."

"केला. फोनवर 'क्या? क्या?' म्हटलं की तो गप्प होतो. मुलगा फोन काढून घेतो, म्हणतो, पापाजी थक गए. फोनवर ऐकू आलं नाही तर दोष बोलणाऱ्याचा असतो, मेधा. इथे बँडचा."

"मग दुसऱ्या एखाद्या पट्ट्यावर, लहान अँटेनावर..."

"तिथे दहा जण ऐकतात. इथे चिटपाखरू नाही. त्याला चारचौघांत असं बोलायचं नाहीये."

मला रागच आला. "अहो काका, मग मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत? सगळ्यांनी ऐकलं असतं!"

"आणि तू मिनिट्समध्ये लिहिलं असतंस," काका म्हणाले.

काकू पाठमोऱ्या होऊन चहाची भांडी उगाच पुसत होत्या. मी एवढंच विचारलं, "त्यांना कळत नसेल का हो, बँड चांगला असतो ते?"

"आयुष्य गेलंय त्याचं यात. काटा त्याच्याकडेही आहे."

"मग?"

"मग काय. मी परत बोला म्हणतो, तो परत बोलतो." चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाला पुसला. "उद्यापासूनचं कसं सांगायचं तेवढं आज जमलं नाही."

शकीलने बेल वाजवली, तेव्हा मी त्याला आधी माझ्या घरी नेलं. माझी बाल्कनी उत्तरेला, म्हणजे पानिपताच्या बाजूला आहे, आणि ती सोसायटीची नाही, माझी आहे. गच्चीवरचा तो खाटेएवढा सांगाडा उतरला आणि त्याच संध्याकाळी माझ्या कठड्याला तीन मीटरची एकच एक ॲल्युमिनियमची नळी आडवी बांधली गेली. तिची वायर खाली काकांच्या खिडकीत. अर्धी नळी हवेत, त्यावर कबुतरं. नितीन ऑफिसच्या कॉलवरून उठून आला आणि म्हणाला, "ये क्या है? याचा उपयोग काय?"

"काही नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तर काका दारात. जिना चढून आले होते, धाप लागली होती.

"मेधा, तुझ्या नळीने पानिपत अगदी पुसट येतं. खरखर फार. काटा हलतच नाही."

मी ओशाळले. म्हटलं, "सॉरी काका, शकीलला सांगून जरा उंच..."

"अजिबात हात लावू नकोस!" काका म्हणाले. "याच नळीने मी बोलतो, म्हणजे त्याच्याकडचाही काटा पडलाय. आज तो बोलला आणि मी म्हटलं, बैंड खराब है, तर होताच. खरंच होता." कठड्यापाशी जाऊन त्यांनी नळीवरचं कबुतर हाकललं. "इतका बोलला आज, इतका बोलला, की शेवटी मलाच 'उद्या बोलू' म्हणावं लागलं."

"काय म्हणाले?"

"एक अक्षर कळलं नाही," काका म्हणाले, आणि माझ्या ओट्यावरची गरम पोळी, न विचारता, गुंडाळी करून खायला लागले.