धोका टळेपर्यंत

आमच्या बरकतपुऱ्याच्या गल्लीत दत्तोपंत वकील कुणाच्याही घरी भिंतीवरून उडी मारून येत. वय वर्षं बहात्तर, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट आणि मागे लागलेला गल्लीतला एक दांडगा काळा कुत्रा. अंगणात धप्पकन आवाज झाला की आई आतूनच मला सांगायची, "वकीलसाहेब आले, चहा टाक."

उडी मारताना हमखास एखादी कुंडी फुटायची. त्यावर त्यांचं उत्तर तयार असायचं, "निकड होती वहिनी, म्हणून शिरलो. नुकसान माझ्या अंगावर." चाळीस वर्षं दिवाणी कोर्टात काढलेला माणूस. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हा चक्क कायदा आहे. जीव वाचवायला कुणी दुसऱ्याच्या आवारात शिरला तर त्याला घुसखोर म्हणता येत नाही, मात्र मोडतोड त्यानं भरून द्यायची. त्यासाठी त्यांनी घरी नव्या कुंड्यांची चळतच लावून ठेवली होती. फुटलेल्या कुंडीच्या जागी संध्याकाळच्या आत नवी यायची, तीही आधीपेक्षा मोठी. आमची जास्वंद अशा तीन बढत्या घेऊन पिंपाएवढ्या कुंडीत जाऊन बसली होती.

या कायद्याचा पुढचा भाग त्यांच्या फार आवडीचा. धोका टळेपर्यंत घरमालकालाही त्या माणसाला हाकलता येत नाही. आता धोका टळला की नाही हे ठरवणार कोण? तेच. मग चहा व्हायचा, पोहे व्हायचे, जमिनीच्या एखाद्या जुन्या दाव्यातली उलटतपासणी साभिनय व्हायची. मधेच ते खिडकीतून डोकावत आणि "बैठाच है अजून," असं सांगून दुसरा चहा मागत. सोमवारी आमच्याकडे, मंगळवारी समोरच्या रेड्डींकडे, असं कुत्र्याचं वेळापत्रकच ठरलेलं होतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण एवढी अक्कल कुठली!

गेल्या महिन्यात मी एक शहाणपणा केला. म्हातारा माणूस एक दिवस हाडं मोडून घेईल म्हणून कुत्री पकडणाऱ्या गाडीला फोन केला. वकीलसाहेब किती खूश होतील या विचारानं मीच आधी खूश.

सोमवारी पाचला गाडी आली. जाळी घेऊन दोघं उतरले. मी फाटकाशी ऐटीत उभा. तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून दत्तोपंत पळत आले, आणि चक्क कुत्र्याच्या दिशेनं! मी ओरडलो, पण ऐकतो कोण? त्यांनी वाकून ते धूड उचललं. कुत्र्यानं निवांतपणे त्यांच्या खांद्यावर मान टाकली. खिशातली उस्मानिया बिस्किटं रस्ताभर सांडत ते आमच्या फाटकातून घुसले, पिंपाएवढी कुंडी आडवी केली आणि बैठकीत शिरून आतून कडी घातली.

जाळीवाला दाराशी येऊन म्हणाला, "साब, कुत्ता दे दो. कंप्लेंट आया है."

खिडकीतून निकाल आला, "जान का खतरा है. खतरा टलने तक घर का मालिक भी नै निकाल सकता."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. घराचा मालक मी, तक्रार करणाराही मीच. हात जोडून तक्रार मागे घेतली, तेव्हा कुठे गाडी गेली आणि बैठकीची कडी निघाली.

आत कुत्रा दत्तोपंतांच्या बुटांवर डोकं ठेवून झोपला होता. आईनं हळूच विचारलं, "वकीलसाहेब, हा तुमच्या जिवावर कधी उठलाच नव्हता ना?"

"बिस्किटासाठी पळायचा बिचारा." त्यांनी चष्मा पुसला, तो बराच वेळ पुसत राहिले. "ही गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, वहिनी. आणि कारण नसताना कुणाच्या घरी शिरायचं म्हणजे घुसखोरीच की."

मला लाज वाटली. तीन वर्षं आम्ही त्यांच्या उड्यांवर हसत होतो.

आईनं कायद्याचं एक पान वाचलेलं नाही. ती म्हणाली, "बोलावल्यावर आलेल्या माणसाला घुसखोर म्हणतात का?"

दत्तोपंतांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "नाही."

"मग उद्यापासून रोज पाचला बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी पाचला फाटक सताड उघडं होतं. कुत्रा केव्हाच आत येऊन पायरीवर बसला होता. दत्तोपंत मात्र केस नीट विंचरून रस्त्यावरच थांबले होते. आई बाहेर येऊन "या" म्हणाली, तेव्हा त्यांनी पाऊल आत टाकलं.