टिकाऊ मिक्सर निवड उपसमिती

थेम्सकाठ मराठी मंडळ, रीडिंग, या संस्थेचा मिक्सर एप्रिल २००६ मध्ये बिघडला, हे मी मंडळाचा कार्यवाह या नात्याने सर्वप्रथम नोंदवतो. मिक्सर म्हणजे डीजेचा, दोन रेकॉर्ड प्लेअरच्या मध्ये ठेवतात तो. त्यावर एक छोटी दांडी असते, तिला फेडर म्हणतात. फेडर डावीकडे सरकवला की डावी रेकॉर्ड ऐकू येते, उजवीकडे सरकवला की उजवी. आमचा फेडर कुठेही सरकवला तरी स्पीकरमधून भजी तळल्याचा आवाज येत होता.

बहुतेक सभासदांची याला हरकत नव्हती. हरकत होती ती स्वरालीची. ही बावीस वर्षांची, इथेच जन्मलेली मुलगी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि उरलेल्या वेळात स्क्रॅचिंग करते. म्हणजे एका हाताने चालू रेकॉर्ड मागेपुढे घासायची आणि दुसऱ्या हाताने फेडर फटाफट हलवायचा. गणपतीच्या कार्यक्रमात तिला वीस मिनिटं हवी होती, आणि त्यासाठी एक धड मिक्सर.

"यंदाच पाहिजे काका," ती म्हणाली. "आजी आली आहे ना. तिचा रेकॉर्ड आणला आहे तिने. सप्टेंबरमध्ये तिची व्हिसा संपतो."

आजी म्हणजे लीलावतीबाई, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम नागपूर. लग्नाआधी त्या गात असत. तेव्हा त्यांच्या गाण्याची एकच रेकॉर्ड निघाली होती, तीन मिनिटांची. झिजेल या भीतीने ती पन्नासहून जास्त वर्षं सुती लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेली. स्वतः आजींनी ती दोनदा ऐकली होती. आता नात ती भर सभेत घासणार होती आणि आजींना त्याची घाई झाली होती.

विषय कार्यकारिणीपुढे आला. स्वरालीने एक मॉडेल सुचवलं. "याचा फेडर बदलता येतो. चार स्क्रू काढायचे, जुना काढायचा, नवीन टाकायचा. दहा मिनिट."

अध्यक्ष डॉ. पुरुषोत्तम यांनी चष्मा काढला. "बदलता येतो, याचा अर्थ तो जाणार आहे हे कंपनीलाच मान्य आहे. मंडळाने जाणारी वस्तू का घ्यावी?"

"अहो डॉक्टर," मागच्या खुर्चीवरून आजी म्हणाल्या, "जन्मभर लोकांचे गुडघे बदलून राहिले होते ना तुम्ही? तेव्हा नाही सुचलं हे?"

डॉक्टर हाडांचे निवृत्त सर्जन आहेत. पाहुण्यांना चर्चेत भाग घेता येत नाही, असा नियम त्यांनी वाचून दाखवला आणि टिकाऊ मिक्सर निवड उपसमिती स्थापन झाली. तीत डॉक्टर, मी आणि श्रीनिवास असे तिघे होतो. श्रीनिवास एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचा मॅनेजर आहे. स्वरालीला घेतलं नाही, कारण मिक्सर तीच वापरणार असल्याने तिचे हितसंबंध गुंतलेले होते.

श्रीनिवासने पहिले तीन महिने त्रेचाळीस निकषांचा तक्ता करण्यात घालवले. वजनापासून बटणांच्या रंगापर्यंत सगळं त्यात होतं. आवाज कसा आहे, हा निकष चव्वेचाळिसावा असल्याने बसला नाही. चार मॉडेलांना समान गुण पडले, तेव्हा श्रीनिवास म्हणाला, "लेट्स बी प्रॅक्टिकल. टिकाऊपणा टेस्ट करू. एक लाख स्ट्रोक."

आपल्या लोकांना इंग्लंडने पुष्कळ दिलं, पण अठ्ठावीस दिवसांत वस्तू परत करण्याच्या सोयीसारखं काही दिलं नाही. लग्नाला सूट आणावा, लेबल आत खुपसून घालावा आणि सोमवारी नेऊन द्यावा, यात आम्ही सगळे मुरलेले. म्हणून दुकानातून स्वरालीने सुचवलेलाच मिक्सर आधी आणला आणि कम्युनिटी हॉलमध्ये दर रविवारी सभासदांची पाळी लावली. प्रत्येकाने फेडर पाचशे वेळा हलवायचा आणि कागदावर रेघा मारायच्या. हौस दांडगी. लोक घरून डबे घेऊन आले. मनीषाताईंनी तर एका हाताने फेडर आणि दुसऱ्या हाताने विणकाम असा उच्चांक केला. तिसऱ्या रविवारी एकाहत्तर हजाराला तो फेडर गेला.

"नापास," श्रीनिवास म्हणाला.

"काका, एकाहत्तर हजार म्हणजे मला तीन वर्ष पुरला असता!" स्वराली जवळजवळ रडकुंडीला आली. "तुम्हीच मारला त्याला!"

"टेस्टिंगमध्ये भावना आणू नकोस," श्रीनिवास म्हणाला.

गणपती आठवड्यावर आल्याने दुसऱ्या मिक्सरला रोज संध्याकाळी पाळी लावली, आणि तो मात्र लाखाला पुरून उरला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग डॉक्टरांनी शंका काढली की, लाख वेळा वापरलेला मिक्सर जुना झाला, जुना मिक्सर मंडळाने का ठेवावा? शंका रास्त होती. तो परत देऊन त्याच मॉडेलचा कोरा आणला. पण कोऱ्याची टेस्ट कुठे झाली होती? श्रीनिवासने पुन्हा पाळी लावली. तपासलेला जुना आणि न तपासलेला बेभरवशाचा, अशा कात्रीत उपसमिती सापडलेली असताना गणपतीचा कार्यक्रम उजाडला.

मिक्सरअभावी स्वरालीचा कार्यक्रम रद्द झाला. त्या वीस मिनिटांत श्रीनिवासने मिक्सर निवडीची प्रगती पडद्यावर दाखवली. पहिल्या रांगेत आजी मांडीवर रेकॉर्ड घेऊन बसल्या होत्या. सतराव्या स्लाइडला त्यांनी ती पिशवीत ठेवली. मी पाहिलं, आणि मला लाज वाटली. पण कार्यक्रम वेळेवर संपवायचा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहिला, नापास मिक्सर स्वरालीकडे पडून होता आणि त्याचा अठ्ठाविसावा दिवस होता. रविवारी दुकानं चारला बंद होतात. पावती घेऊन मी सव्वातीनला तिच्या घरी गेलो, तर गॅरेजचं दार उघडं होतं.

स्वरालीने जुना फेडर काढून स्वतःच्या खर्चाने नवा टाकला होता. चार स्क्रू, दहा मिनिटं. बागेतली खुर्ची गॅरेजमध्ये आणून आजी अंगावर शाल घेऊन बसल्या होत्या. रेकॉर्ड फिरत होती. वीस वर्षांच्या मुलीचा आवाज निघाला, बारीक आणि धीट. स्वरालीने तो हाताने मागे ओढला, सोडला, पुन्हा ओढला, फेडरने त्याचे तुकडे करून ढोलाच्या ठेक्यात पेरले. एकच तान सात वेळा आली आणि दर वेळी निराळी वाटली. मला स्क्रॅचिंगमधलं काही कळत नाही. पण पावती हातात धरून मी पंधरा मिनिटं दारातच उभा राहिलो, हे मी नोंदवतो.

"झिजेल गं," स्वराली हात थांबवून म्हणाली.

"झिजू दे," आजी म्हणाल्या. "पन्नास वर्षं झिजली नाही, काय मिळालं? मी इथे झिजून राहिली अन् ती ट्रंकेत जवान. पुन्हा लाव. आता शेवटचं कडवं."

साडेतीन वाजले होते. दुकानापर्यंत वीस मिनिटं, गाडी लावायला पाच. मी खाकरलो.

"स्वराली, मिक्सर."

"काका, फक्त तीन मिनिट."

"नियम माझे नाहीत, बाळ. चारला बंद होतं."

तिने वाद घातला नाही. तारा काढल्या आणि मिक्सर माझ्या हातात दिला. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "न्या, न्या. मोठं काम आहे तुमचं." दुकानातल्या पोराने मिक्सर लावून पाहिला. उत्तम चालत होता. परत करण्याचं कारण काय, असं त्याने विचारलं, तेव्हा मी सांगितलं, टिकत नाही.

आजी मंगळवारी नागपूरला परत गेल्या. पुढच्या उन्हाळ्याच्या व्हिसाचे कागद जमवत असताना मार्चमध्ये त्या वारल्या. मंडळाने उभं राहून एक मिनिट शांतता पाळली. श्रीनिवासने वेळ लावली होती.

उपसमितीने मात्र हाती घेतलेलं काम तडीस नेलं. २००६ च्याच नोव्हेंबरमध्ये आम्ही असा मिक्सर आणला की, ज्याच्या फेडरमध्ये काही म्हणजे काही घासतच नाही, सगळं चुंबकावर चालतं. तो शंभर टक्के टिकावा म्हणून आम्ही त्यावरची प्लास्टिकची फिल्म काढली नाही, वर मनीषाताईंनी विणलेलं आच्छादन घातलं, आणि त्यावर स्क्रॅचिंग करण्यास सक्त मनाई केली. आज तीन वर्षं झाली, त्यावर एक ओरखडा नाही. स्वराली नोकरीसाठी ब्रिस्टलला गेली. तिने मिक्सर कधी मागितला नाही.

या यशामुळे मंडळाने आता सभासदांसाठी कुलपाचं एक मोठं कपाट सुरू केलं आहे. चांगल्या दिवसासाठी राखलेले डिनर सेट, न नेसलेली पैठणी, लेबलासकट अत्तरं, काहीही त्यात सुरक्षित राहील. हा मजकूर वाचताना तुम्हाला तुमच्या घरातली जी वस्तू आठवली, तिचं नाव अर्जात रकाना तीनमध्ये लिहा. ती कुणासाठी जपली आहे, असा एक चौथा रकाना होता. तो आम्ही काढून टाकला आहे. पहिल्या बारा अर्जांपैकी सातांत तिथे ज्याचं नाव होतं, ते माणूस आता राहिलं नव्हतं.